हॅम-चीज क्रोसाँ: फ्रान्सचा की अर्जेंटिनाचा?

आत माल तोच, हॅम आणि चीज, पण चवीत जमीन-अस्मानाचा फरक. फ्रान्समध्ये बेकरीत मिळतो त्यात क्रोसाँ (बटरचा, पापुद्र्यांचा पाव) आडवा चिरून बेशामेल म्हणजे दूध-मैदा-बटरचा पांढरा सॉस, हॅम आणि एमेंताल नाहीतर ग्रुयेर चीज भरतात, वरून पण चीज किसून परत ओव्हनमध्ये, मग वरचं चीज लालसर कुरकुरीत होतं आणि चावा घेतला की सॉस बोटांवर ओघळतो. आदल्या दिवशीचे उरलेले क्रोसाँ खपवायची भारी युक्ती पण आहे ही (शिळ्याचं सोनंच!). सोबत थोडं सॅलड घेतलं की जेवण झालं.

अर्जेंटिनाचा मेदियालुना, म्हणजे तिथला क्रोसाँ, लहान, मऊ, ब्रेडकडे झुकणारा, वरून साखरेच्या पाकाची चकाकी आणि त्यातच खारट हॅम-चीज. ऐकायला कसंतरी वाटतं खरं, पण गरम केला की गोड-खारट असं काही जमतं ना, कॉफीबरोबर दोन कधी संपतात कळत नाही. गोड नकोच असेल तर चरबीतला खारट प्रकार पण असतो, तो सडपातळ, त्यात फार काही मावत नाही.

रोजच्या खाण्याला माझं मत अर्जेंटिनाला, बेशामेल रोज नाही झेपत बुवा.