एचलेजर: बजेट आणि पुढचा अंदाज एकाच फाइलमधून

एचलेजर हा टर्मिनलमध्ये चालणारा, मोफत आणि मुक्तस्रोत हिशेबाचा प्रोग्राम. जॉन वीग्ली यांच्या २००३ च्या 'लेजर' या प्रोग्रामवरून सायमन मायकेल यांनी तो २००७ मध्ये हॅस्केल भाषेत लिहायला घेतला. नोंदी साध्या मजकूर फाइलमध्ये, दुहेरी नोंद पद्धतीने राहतात. झालेला जमाखर्च कुठलाही प्रोग्राम दाखवतो. हा निवडावा तो पुढच्या महिन्यांसाठी. (आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत आणि आकडे इंग्रजीच द्यायचे.)

सगळं काम दरमहा पुन्हा येणाऱ्या नोंदीच्या एका नियमावर चालतं:

~ मंथली  घरखर्च
    खर्च:किराणा  ८०००
    खर्च:वीज  १२००
    मालमत्ता:बँक

'मंथली' आणि वर्णन यांच्यात किमान दोन स्पेस हव्यात. एकच दिली तर वर्णन कालावधीचाच भाग समजलं जातं. खात्याचं नाव आणि रक्कम यांच्यातही तसंच: एक स्पेस पडली की रक्कम नावात जाऊन बसते. नवशिक्यांच्या बहुतेक चुका इथेच होतात.

'बॅलन्स' आज्ञेला कॅपिटल एम (महिन्यागणिक रकाने) आणि '--बजेट' जोडलं की हाच नियम खर्चाची मर्यादा ठरतो. किराण्यावर ७२०० खर्च झाला असेल तर त्याच्यापुढे ८००० पैकी ९०% असं दिसतं. ज्या खात्यांना मर्यादा नाही ती स्वतंत्र दिसत नाहीत: 'खर्च'खालची खाती 'खर्च'च्या बेरजेत मिसळतात, आणि ज्यांच्या वरच्या खात्यातही मर्यादा नाही ती 'अनबजेटेड' या एका ओळीत जमा होतात. ही बेरीज किंवा ओळ फुगू लागली तर कॅपिटल ई देऊन ती उघडून पाहावी. बजेट फसतं ते बहुधा तिथेच. मागच्या महिन्याची शिल्लक मर्यादा आपोआप पुढे जात नाही. ती हवी असेल तर '--क्युम्युलेटिव्ह' द्यावं.

वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चासाठी 'इयर्ली' नियम लिहिला तर अकरा महिने रकाना रिकामा राहतो आणि एकाच महिन्यात डोंगर उभा राहतो. १२,००० चा विमा असेल तर दरमहा १००० 'मालमत्ता:बँक:विमा' या उपखात्यात वळवण्याचा नियम लिहावा. पैसे बँकेतच राहतात, पण ते बांधलेले आहेत हे अहवालात दिसतं.

अंदाजासाठी तोच नियम, फक्त पर्याय '--फोरकास्ट'. सोबत कॅपिटल एम आणि कॅपिटल एच द्यावेत. एच नसेल तर फक्त त्या-त्या महिन्यातला बदल दिसतो. एच दिला की महिनाअखेरची शिल्लक दिसते, आणि आपल्याला नेमका तोच आकडा हवा असतो. नुसती 'मालमत्ता' विचारली तर क्रेडिट कार्डाची थकबाकी सुटते, म्हणून 'देणी'ही सोबत मागावीत. शेवटची तारीख दिली नाही तर अंदाज आजपासून सहा महिन्यांवर थांबतो. दिलेला शेवटचा दिवस वगळला जातो, त्यामुळे डिसेंबरअखेरचं चित्र हवं तर १ जानेवारी द्यायची.

सगळ्यात मोठा खड्डा सुरुवातीच्या तारखेचा आहे. सुरुवात सांगितली नाही तर अंदाज फाइलमधल्या शेवटच्या खऱ्या नोंदीनंतरच्या दिवसापासून सुरू होतो. म्हणून पुढच्या तारखेचा एखादा चेक आजच नोंदवला की मधल्या महिन्यांचे अंदाजी व्यवहार गुपचूप गायब होतात आणि शिल्लक फसवी भरघोस दिसते. कुठलीही त्रुटी येत नाही. त्यामुळे '--फोरकास्ट=' पुढे सुरुवातीची तारीख नेहमी स्वतः द्यावी. ती आधीच नोंदवून झालेल्या खर्चाच्या मागे गेली, तर मात्र तोच खर्च दोनदा धरला जातो.

कर्जाच्या हप्त्याचं वेगळं. नियमातली रक्कम ठराविक असते. व्याज घटत आणि मुद्दल वाढत जाण्याचा हिशेब तो करत नाही. त्यासाठी हप्त्यांचं वेळापत्रक तारखांसह वेगळ्या फाइलमध्ये लिहून 'इन्क्लूड'ने जोडावं. या सगळ्या पुढच्या तारखांच्या नोंदी, म्हणजे वरचा खड्डा पुन्हा समोर येतो आणि सुरुवातीची तारीख देणं इथे सक्तीचंच होतं. लेजरही अंदाज काढतो, पण तिथे कुठवर काढायचा ते अट लिहून सांगावं लागतं. सुरुवात करणाऱ्याला एचलेजर सोपा जातो.

खात्यांची नावं मराठीत बिनदिक्कत ठेवता येतात, मात्र दोन तयाऱ्या लागतात. टर्मिनलचं लोकेल (भाषा-लिपीची मांडणी) यूटीएफ-८ हवं, नाहीतर फाइल वाचतानाच त्रुटी येते. आणि प्रोग्राम खात्याचा प्रकार इंग्रजी नावांवरून ओळखतो, त्यामुळे 'मालमत्ता', 'देणी', 'उत्पन्न', 'खर्च' यांच्या 'अकाउंट' घोषणेत 'टाइप:' देऊन अनुक्रमे ए, एल, आर, एक्स ही कॅपिटल अक्षरं लिहावी लागतात. ती नसतील तर ताळेबंद आणि उत्पन्न-खर्चाचे अहवाल रिकामे येतात. जोडाक्षरांमुळे काही टर्मिनलमध्ये रकाने थोडे सरकतात. आकडे बरोबरच असतात.

सगळी खाती घोषित झाली की 'चेक अकाउंट्स' चालवण्याची सवय लावावी. 'किराणा'च्या जागी 'किरणा' टंकलं गेलं तर एरवी नवं खातं निमूट तयार होतं, रक्कम मर्यादा नसलेल्या खात्यात जाते आणि किराण्याची मर्यादा शिल्लक असल्यासारखी दिसते. ही तपासणी नेमकी चुकीची ओळ दाखवून थांबते.