सरड्याच्या पिंजऱ्याचा थर्मोस्टॅट: यंत्र उत्तम, सक्शन कप टाकाऊ

बर्मिंगहॅममधील आमच्या घरात गेली तीन वर्षे बंड्या नावाचा एक नर व्हेल्ड शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, राहतो. ही जात मूळची येमेन आणि सौदी अरेबियाच्या डोंगराळ भागातील असून ब्रिटनमध्ये बंदिस्त पैदाशीतील पिल्ले विकत मिळतात. (भारतातील शॅमेलिऑन, म्हणजे घोयरा किंवा सरडगुहिरा, १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षित आहे, तो बागेत दिसला तर बागेतच राहू द्यावा.) बंड्याच्या १२० सेंटिमीटर उंच जाळीच्या पिंजऱ्यासाठी मी गेल्या ऑक्टोबरमध्ये साठेक पौंडांचा एक डिमिंग थर्मोस्टॅट, म्हणजे दिव्याची उष्णता ताब्यात ठेवणारे उपकरण, घेतला आणि पूर्ण हिवाळा वापरला. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेली अडचण या प्रकारच्या कोणत्याही उपकरणात येऊ शकते.

सरड्याला स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करता येत नसल्यामुळे पिंजऱ्यात सगळीकडे एकसारखे तापमान ठेवून भागत नाही. त्याला वर ऊन आणि खाली सावली लागते, म्हणजे तो आपल्या गरजेप्रमाणे फांद्या चढत-उतरत राहतो. प्रौढ नरासाठी दिव्याखालच्या फांदीवर साधारण २९ ते ३२ अंश सेल्सिअस, पिंजऱ्याच्या मध्यावर २२ ते २६ अंश आणि रात्री त्याहून बरेच कमी तापमान मी ठेवतो. मादीला दिव्याखालीसुद्धा याहून दोन-तीन अंश कमीच द्यावे लागते, कारण भरपूर उष्णता आणि भरपूर खाणे मिळाले की ती गरजेपेक्षा जास्त अंडी घालते आणि खंगते.

साधा थर्मोस्टॅट ठरलेले तापमान आले की दिवा विझवतो आणि उतरले की पुन्हा लावतो, त्यामुळे दिवसभर पिंजऱ्यात जणू ढगांची ये-जा चालते. डिमिंग थर्मोस्टॅट दिवा न विझवता त्याची शक्ती हळूहळू कमी-जास्त करतो. या उपकरणाने हे काम निर्दोष केले. सकाळी खोली १६ अंशांवर असताना दिवा पूर्ण तेजाने जळे आणि दुपारी हीटिंगमुळे खोली गरम झाली की तो नारिंगी, मंद होई. फांदीवरील तापमान मात्र एखाद्या अंशापलीकडे हलत नसे. अतिनील किरणांची नळी आणि झाडांसाठीचा एलईडी दिवा या थर्मोस्टॅटला कधीही जोडू नये, त्यांना वेगळा टायमर लावावा, ही अत्यंत महत्त्वाची सूचना माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापलेली आहे.

आता तक्रार. तापमान मोजणारा सेन्सर पिंजऱ्यात चिकटवण्यासाठी कंपनीने एक प्लॅस्टिकचा सक्शन कप दिला आहे. काचेच्या टाकीत तो कदाचित टिकत असेल, पण शॅमेलिऑनच्या पिंजऱ्याला जाळी असते आणि त्यात दिवसातून दोनदा पाण्याचा फवारा मारावा लागतो. जाळीवर तो चिकटेचना, म्हणून मी तो पिंजऱ्याच्या मागच्या प्लॅस्टिकच्या भिंतीवर लावला. जानेवारीतल्या एका रविवारी मी पोहे भिजवून वळलो, तर बंड्या नेहमीच्या फांदीवर नव्हता. एरवी तो सकाळी अंगाची एक बाजू दिव्याकडे करून, उष्णता शोषण्यासाठी गडद तपकिरी होऊन बसतो आणि अर्ध्या तासात हिरवा होतो. त्या दिवशी तो सर्वांत खालच्या फांदीवर, फिकट लिंबासारखा पिवळा पडून, तोंड उघडे ठेवून बसला होता. फांदीवरचा वेगळा डिजिटल तापमापक ४१ अंश दाखवत होता. सक्शन कप रात्री सुटला होता आणि सेन्सर मनी प्लँटच्या कुंडीतल्या ओल्या, गार मातीत पडला होता. बिचारा थर्मोस्टॅट पिंजरा थंड आहे असे समजून दिवा पूर्ण शक्तीने जाळत होता.

सुदैवाने बंड्याला इजा झाली नाही, परंतु दिव्याच्या फार जवळ बसल्यामुळे डोक्यावरचा तुरा भाजलेले शॅमेलिऑन पाहिलेले लोक ही गोष्ट हसण्यावारी नेणार नाहीत. यात माझीही चूक होतीच. थर्मोस्टॅट आहे म्हणून मी निर्धास्तपणे १०० वॉटचा दिवा बसवला होता. आता ६० वॉटचा दिवा जाळीच्या वर टांगला आहे आणि सर्वांत वरची फांदी त्यापासून २५ सेंटिमीटर खाली आहे, त्यामुळे उपकरण बिघडून दिवा पूर्ण शक्तीने जळाला तरी तापमान ३४च्या वर जात नाही. सेन्सर फांदीवर, सरड्याची पाठ येते त्या उंचीवर, केबल टायने दोन ठिकाणी बांधला आहे.

उपकरणावरील तापमान ठरवायच्या चकतीवरील आकड्यांवरही विसंबू नये. माझ्याकडे चकती ३० वर असताना फांदीवर प्रत्यक्षात ३३ अंश भरत, म्हणून मी २७वर पेनाने खूण केली. आणखी एक खटकलेली बाब म्हणजे माहितीपत्रकात रात्रीसाठी सिरॅमिक हीटर (उजेड न पाडता उष्णता देणारा) जोडण्याचा केलेला आग्रह. आमची खोली रात्री १६ अंशांपर्यंत उतरते आणि या सरड्याला तो गारवा मानवतो. उलट उबदार, दमट आणि कोंदट रात्रींमुळे फुप्फुसांचे आजार होण्याची भीती असते.

ज्यांच्या खोलीचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही, त्यांनी हे साठ पौंड खर्च करू नयेत. योग्य वॉटचा दिवा, योग्य अंतर आणि दहा पौंडांचा तापमापक त्यांना पुरेल. आमच्यासारख्या जुन्या, वाऱ्याच्या घरात मात्र मी तो पुन्हा घेईन. सक्शन कपाबद्दल कंपनीला लिहिले तेव्हा दोन दिवसांत अतिशय नम्र उत्तर आले आणि आठवड्याभरात पाकीटही आले. त्यात तसेच आणखी दोन सक्शन कप होते.