सर्टिफिकेट फ्लोअरिंगच्या कामाचं, पॉलिसी मात्र दुकानाची: कॉन्ट्रॅक्टर मंडळींनी जरूर वाचावं

टाइल, लाकडी फ्लोअरिंग, व्हिनाइल, पॉलिश अशी कामं अंगावर घेणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. आमची फसवणूक झाली ती बनावट विमा कंपनीकडून नाही. कंपनी खरी होती, पॉलिसी नंबर खरा होता, हप्ताही कंपनीत जमा झाला होता. खोटं होतं ते पॉलिसीत लिहिलेलं आमच्या धंद्याचं वर्णन आणि आमच्या हातात दिलेलं सर्टिफिकेट. त्यामुळे कंपनीत फोन करून विचारलं तरी ‘हो, पॉलिसी चालू आहे’ एवढंच उत्तर मिळत होतं, आणि ते खरंच होतं.

एका मोठ्या कामासाठी मालकाच्या ऑफिसने अट घातली होती, की तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा दाखवल्याशिवाय साइटवर पाऊल ठेवायचं नाही. ओळखीतून एक मध्यस्थ आला. माणूस धंदा जाणणारा वाटला. साइटवर येऊन ग्राइंडर, कटर, अ‍ॅडहेसिव्हचे डबे सगळं बघितलं, किती मिस्त्री, किती बिगारी, वर्षाची उलाढाल किती, हे विचारून लिहून घेतलं. त्याने सांगितलेला हप्ता इतरांच्या निम्म्याहून कमी होता. कारणही पटण्यासारखं दिलं: अनेक कॉन्ट्रॅक्टरांचं काम एकत्र देतो, म्हणून कंपनी मला ग्रुपचा दर देते. फॉर्म त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर भरला. ओटीपीसाठी मोबाइल नंबर आणि ईमेलही स्वतःचाच टाकला. म्हणाला, तुम्ही दिवसभर साइटवर असता, तुम्हाला कशाला त्रास. या एका गोष्टीवर त्याची सगळी फसवणूक उभी होती, कारण कंपनीकडून निघालेला प्रत्येक कागद आधी त्याच्याकडे जात होता. आमच्याकडे आलं ते एका पानाचं सर्टिफिकेट. त्यावर आमचं नाव, ‘ग्राहकाच्या जागेवर फ्लोअरिंग बसवण्याचं काम’, भरपाईची भरभक्कम मर्यादा, आणि अतिरिक्त विमाधारक (म्हणजे याच विम्याचं संरक्षण मिळणारा दुसरा पक्ष) म्हणून मालकाचं नाव. मालकाच्या ऑफिसने ते लगेच मान्य केलं.

पुढे एका खोलीत स्कर्टिंगसाठी भिंतीच्या कडेने जुनं प्लास्टर कापताना ग्राइंडरचं पातं आतल्या पाण्याच्या पाइपला लागलं. चीर इतकी बारीक होती की काम संपेपर्यंत भिंतीवर ओलही दिसली नाही. रात्रीतून पाणी स्लॅबमधून खाली उतरलं. खालच्या मजल्यावरचं फॉल्स सीलिंग, फर्निचर, वायरिंग सगळं खराब झालं. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. आम्ही त्याच दिवशी कंपनीला कळवलं. सर्वेअर आला, फोटो काढले, नुकसानीचा अंदाज घेतला. आणि मग दावा नाकारल्याचं पत्र आलं. पत्रात आमचा व्यवसाय लिहिला होता ‘फ्लोअरिंग साहित्याची किरकोळ विक्री’. विमा फक्त दुकानाच्या जागेपुरता. जागेबाहेरचं बसवणीचं काम स्पष्टपणे वगळलेलं.

आमचं दुकान नाही. कधीच नव्हतं.

कंपनीच्या शाखेत अधिकाऱ्याने त्यांच्या नोंदीतला मूळ कागद आणि आमच्या हातातलं सर्टिफिकेट टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. व्यवसायाच्या रकान्यातली आमची ओळ बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित ठळक होती आणि रेघेच्या जरा खाली बसलेली. मर्यादेच्या आकड्यात एक शून्य वाढवलेलं, त्यामुळे शेवटचा अंक चौकटीला चिकटलेला. तळाशी बारीक अक्षरात ‘४ पैकी पान १’ असं तसंच राहिलं होतं. उरलेली तीन पानं, ज्यात अटी आणि वगळलेल्या गोष्टी होत्या, ती आम्ही तिथे पहिल्यांदा पाहिली.

स्वस्त हप्त्याचं कोडंही तिथेच सुटलं. टाइल विकणाऱ्याची जोखीम आणि टाइल बसवणाऱ्याची जोखीम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपण लोकांच्या भिंती कापतो, पाण्याच्या आणि विजेच्या लाइनीजवळ काम करतो. सॉल्व्हंटवाल्या अ‍ॅडहेसिव्हची वाफ पेट घेऊ शकते. जवसाच्या तेलाने भिजलेली पॉलिशची फडकी ढीग करून ठेवली तर आपोआप तापून पेटतात. काँक्रीट आणि टाइल कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ सालीच कर्करोगकारक ठरवलं आहे. हे सगळं धरून विमा कंपनी आपला हप्ता ठरवते. त्यामुळे कुणी निम्म्या दरात देत असेल, तर फॉर्ममध्ये आपला धंदा काय लिहिला आहे हे आधी विचारा. आम्हाला भेटलेल्या माणसाने तोच बदलला होता.

कायद्याची बाजू आणखी अवघड निघाली. विम्याचा करार परम सद्भावाच्या तत्त्वावर चालतो. १७६६ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी एका निकालात ते मांडलं आणि आजही ठिकठिकाणचा विमा कायदा त्यातूनच आलेला आहे. मतितार्थ असा, की महत्त्वाची माहिती खरी सांगण्याची जबाबदारी विमा घेणाऱ्यावर येते. ब्रोकर हा सर्वसाधारणपणे विमा घेणाऱ्याचा प्रतिनिधी समजला जातो आणि एजंट कंपनीचा. म्हणजे ब्रोकरने फॉर्ममध्ये काही खोटं भरलं, तरी कंपनी ते विमा घेणाऱ्याच्याच तोंडचं धरू शकते. समोरचा माणूस या दोघांपैकी नेमका कोण, हे त्याच्या परवान्यावरून कळतं आणि परवाना विमा नियामकाकडे तपासता येतो. आमच्या माणसाने कार्डावर फक्त ‘सल्लागार’ लिहिलं होतं.

या निमित्ताने खऱ्या पॉलिस्या बारकाईने वाचल्या, तेव्हा आणखी काही गोष्टी कळल्या. अशा मध्यस्थांचं त्यातही फावतं, म्हणून सांगतो. ‘सगळं कव्हर आहे’ असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. दायित्वाचा विमा, म्हणजे हाच तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा, साधारणपणे आपण बसवलेली वाईट फरशी पुन्हा बसवण्याचा खर्च देत नाही. त्या कामामुळे दुसऱ्याच्या मालमत्तेचं किंवा शरीराचं जे नुकसान होईल ते देतो. ओल्या काँक्रीटवर व्हिनाइल टाकलं आणि ते फुगलं, तर तो आपला खर्च. म्हणून बसवण्याआधी स्लॅबमधल्या ओलाव्याची मोजणी करून तारखेसह जपून ठेवावी, वाद झाला तर तीच कामाला येते. काम ताब्यात दिल्यानंतर महिन्यांनी उद्भवणारं नुकसान धरलं आहे का, हे वेगळं पाहावं लागतं. काही पॉलिस्यांत दावा पॉलिसी चालू असतानाच दाखल व्हावा लागतो. तशी पॉलिसी बंद केली की जुन्या कामांचं संरक्षणही जातं. कामगारांच्या दुखापतीचा विमा वेगळा आणि गाडीतल्या हत्यारांचाही वेगळा. सबकॉन्ट्रॅक्टरने दिलेलं सर्टिफिकेटही असंच खोटं असू शकतं, हे तर फार जण धरतच नाहीत.

सर्टिफिकेटवर विश्वास ठेवण्याऐवजी पूर्ण पॉलिसी शेड्यूलसकट (म्हणजे धंदा, जागा, मर्यादा असे आपले तपशील लिहिलेला भाग) थेट कंपनीकडून मागवा. मध्यस्थाने दिलेला नंबर वापरू नका, कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरचा घ्या. ‘पॉलिसी चालू आहे का’ एवढंच विचारून थांबू नका. व्यवसायाचं वर्णन काय आहे, कामाची जागा कुठली धरली आहे, मर्यादा किती आहे आणि नोंदीत कुणाचा मोबाइल व ईमेल आहे, हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आमच्या पॉलिसीत तर हा शेवटचा प्रश्न एकटाही पुरला असता.

खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाचं नुकसान आम्ही स्वतः हप्त्याहप्त्याने भरून देतो आहोत. त्यांचा यात काडीचाही दोष नव्हता. मध्यस्थाविरुद्ध पोलिसांत आणि विमा नियामकाकडे तक्रार केली आहे, दोन्ही कागद त्यासोबत जोडले आहेत. त्याचा जुना नंबर बंद आहे, पण आमच्याच ओळखीतल्या एका पॉलिशवाल्याला तो नव्या फर्मच्या नावाने भेटून गेला आणि दर पुन्हा तसाच, इतरांच्या निम्म्यापेक्षा कमी. त्या पॉलिशवाल्याने कंपनीकडून शेड्यूल मागवलं, तर त्यात धंदा लिहिला होता ‘घरगुती सजावट सल्ला’. अजून काही अपघात झालेला नसल्याने त्याला लेखी अर्ज करून वर्णन बदलून घेता आलं. हप्ता वाढला, पण आता साइटवरचं काम पॉलिसीत आहे. तुमच्या पॉलिसीतही असं काही निघालं, तर नवीन काम सुरू करण्याआधी हीच दुरुस्ती मागा आणि कंपनीकडून ती मंजूर झाल्याचा कागद हातात घ्या.