की-६७, आठ महिन्यांनंतर: रंग छान, मोजणी मात्र आपलीच

नाशिकच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये की-६७ची (विभाजन होत असलेल्या पेशींत दिसणारं प्रथिन; ट्यूमर किती वेगाने वाढतोय ते त्यावरून कळतं) स्लाइड आम्ही आता स्वतःच रंगवतो. आधी ब्लॉक (मेणात बसवलेला ट्यूमरचा तुकडा) मुंबईला जायचा, आठवडाभर वाट बघायची आणि रोज सर्जनचा फोन: "मॅडम, ग्रेड काय आला?" की-६७ला चिकटून पेशी तपकिरी दाखवणाऱ्या अँटीबॉडीचा आम्ही वापरतो तो क्लोन, म्हणजे प्रकार, एमआयबी-१. (नावातलं 'की' म्हणजे जर्मनीतलं कील शहर, आणि ६७ हा मूळ क्लोन मिळाला त्या प्लेटमधल्या खळग्याचा नंबर. मलाही हे उशिराच कळलं.)

अँटीबॉडीची पहिली बाटली एप्रिलच्या उन्हात आली, बर्फाचं पाणी झालेलं. रंग नीट आला का हे तपासायच्या कंट्रोलच्या टॉन्सिलमध्ये जर्मिनल सेंटर (पेशी भराभर विभागतात तो भाग) गच्च तपकिरी दिसायला हवं, ते फिकट चहासारखं दिसलं. बदलून मिळायला महिनाभर भांडावं लागलं. दुसऱ्या बाटलीपासून रंगाबद्दल तक्रार नाही. मालेगाव-सटाण्याकडून चिमुकल्या डबीत, जेमतेम बुडेल एवढ्या फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणारं द्रावण) तुकडा येतो तेव्हा मात्र कुठलाही क्लोन काही करू शकत नाही.

खरी गंमत मोजणीत आहे. पचनमार्ग आणि स्वादुपिंडाच्या न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरमध्ये (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या गाठी) रंगलेल्या पेशी ३ टक्क्यांच्या खाली असतील तर जी१, म्हणजे सगळ्यात संथ ग्रेड, ३ ते २० जी२, २० च्या वर जी३. सगळा तंटा त्या ३ वर. ड्युओडेनमच्या (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) एका पॉलिपची स्लाइड नजरेने बघून मी "२ असेल" म्हटलं, माझा सहकारी म्हणाला ५. मग हॉटस्पॉटचा, म्हणजे सगळ्यात जास्त तपकिरी पेशी असलेल्या जागेचा, फोटो काढला, कागदावर छापला आणि पेनाने एकेका पेशीवर खूण करत गेले. ६२० पेशी, त्यात २३ तपकिरी, म्हणजे ३.७ टक्के. माइटोसिस (प्रत्यक्ष विभागताना दिसणारी पेशी) २ चौरस मिलिमीटरमध्ये एकच होता, तो जी१ सांगत होता. की-६७ आणि माइटोसिस या दोन आकड्यांचं जमलं नाही तर वरचा ग्रेड धरायचा, म्हणून जी२. त्या दिवसापासून नजरेचा अंदाज बंद.

हॉटस्पॉट निवडणं म्हणजे व्यापाऱ्याने बागेतला कुठला घड तोडून चाखावा, तसंच आहे. फरक इतकाच की इथे सगळ्यात दाट जागाच घ्यायची, निदान ५०० पेशी मोजायच्या, आणि मध्येच घुसलेल्या लिम्फोसाइट्स (पांढऱ्या रक्तपेशी) गाळायच्या. त्याही तपकिरी होतात आणि आकडा फुगवतात. यकृताच्या बारीक बायोप्सीत कधी ३०० पेशीही मिळत नाहीत; मग मी तसंच रिपोर्टात लिहिते. क्यूपाथ हे पेशी मोजणारं मोफत सॉफ्टवेअरही लावून पाहिलं. वेगवान आहे, पण लिम्फोसाइट आणि ट्यूमर यांतला फरक त्याला आधी शिकवावा लागतो, आणि नंतर मी तपासतेच.

फॉस्फोहिस्टोन एच३ (विभागणाऱ्या पेशी ठळक दाखवणारी आणखी एक अँटीबॉडी) मागवून माइटोसिस शोधणं सोपं झालं खरं, पण महिन्याला दोन-तीन केससाठी ती बाटली परवडत नाही.

दोन ठिकाणी की-६७कडून जास्त अपेक्षा ठेवू नका. फुप्फुसाच्या कार्सिनॉइडमध्ये (तिथला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर) टिपिकल की जास्त आक्रमक एटिपिकल हे माइटोसिस आणि नेक्रोसिसवर (मेलेल्या पेशींवर) ठरतं. तिथे हा आकडा कामाला येतो तो मुख्यतः चुरगळलेल्या बायोप्सीत, स्मॉल सेल कार्सिनोमाशी (फुप्फुसाचा अतिशय वेगाने वाढणारा कॅन्सर) गल्लत होऊ नये म्हणून. दुसरं, २० च्या वर गेलं की ट्यूमर नीट विकसित जी३ आहे (पेशी अजून मूळ पेशींसारख्या) की कार्सिनोमा (पेशी फारच बिघडलेल्या), हे आकडा सांगत नाही. पेशींचा चेहराच बघावा लागतो, कारण दोघांचे उपचार वेगळे.

बाटली पुन्हा मागवली आहे, या वेळी थंडीत. प्रिंटरची रंगीत शाई मात्र भराभर संपते. तिचं बिल आता स्लाइडच्या खर्चातच धरते.