काठाकाठाने दिवसभर चालायचं तर कुंडलिका की कर्ली?

गड आणि घाटवाटा बाजूला ठेवून कोकणात अख्खा दिवस सपाटीवर चालायचं ठरवलं, की दोन वाटा हमखास पुढे येतात. पहिली अलिबागहून आक्षी, नागाव, चौल करत कुंडलिकेच्या मुखावरच्या रेवदंड्यापर्यंत, साधारण १७ किलोमीटर. दुसरी सिंधुदुर्गात, कर्ली नदीच्या दक्षिण काठाने, वालावलहून नेरूरमार्गे कुडाळपर्यंत. ही रस्त्याने १२-१३ किलोमीटर भरते, पण वाड्यांमधल्या पाणंदी धरल्या की १६-१७ सहज होतात. मुंबई-पुण्याहून पहिली जवळ, दुसरी लांब, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यापुढचं लिहितो.

इतिहास मोजायचा तर अलिबागची वाट निर्विवाद सरस. आक्षीचा शिलालेख शके ९३४चा, म्हणजे इ.स. १०१२चा मानतात (काही अभ्यासक हे वाचन मान्य करत नाहीत). चौल हे प्राचीन बंदर. तिथल्या रामेश्वराची पुष्करणी पाहायला अर्धा तास हाताशी ठेवावा. रेवदंड्यात पोर्तुगीज तटबंदीच्या आतच गाव वसलेलं आहे, सातखणी मनोरा आहे, आणि पंधराव्या शतकात चौलला उतरलेल्या रशियन प्रवासी निकितिनचं स्मारक तिथल्या शाळेच्या आवारात आहे. १७४०मध्ये हा भाग मराठ्यांकडे आला. साळावच्या पुलापलीकडचं कोर्लई त्याच दिवसात कोंबू नये. तिथला किल्ला डोंगरावर आहे आणि १७ किलोमीटरनंतर तो चढ पायांना झेपेलच असं नाही.

मग अडतं कुठे? रस्त्यावर. अलिबाग-रेवदंडा रस्ता अरुंद आहे आणि कित्येक ठिकाणी नारळ-सुपारीच्या वाड्यांची कुंपणं थेट डांबराला भिडलेली आहेत. साइडपट्टी जवळजवळ नाहीच. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या समोरासमोर आल्या, की पायी चालणाऱ्याला बाजूला व्हायला वीतभर जागा उरत नाही. दर दोन मिनिटांनी थांबा, भिंतीला पाठ लावा, पुन्हा चाला. लय अशी तुटत राहिली की सपाट वाटेवर चढापेक्षा जास्त दमायला होतं. वाड्यांची सावली डोक्यावर असूनही लक्ष सगळं पाठीमागच्या हॉर्नकडे.

यावर किनाऱ्याने चालण्याचा सल्ला मिळतो. तो अर्धाच उपयोगी आहे. अलिबागचा किनारा आक्षीच्या खाडीशी संपतो, तिथे पुलासाठी रस्त्यावर यावंच लागतं. पुढे आक्षी-नागावची वाळू छान आहे, पण देवळं, शिलालेख, चौलच्या जुन्या आळ्या सगळं आत आहे. प्रत्येक वेळी गल्लीतून आत या, पुन्हा बाहेर जा, आणि बुटात शिरलेली ओली वाळू टाचेला फोड आणते. त्यातूनही किनारा धरायचाच असेल तर तिथी बघून दिवस ठरवा. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे, तिथीला पाऊण पट केलं की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणून ओहोटी सकाळी नऊच्या आसपास. द्वितीया ते चतुर्थी या दिवसांत सकाळी टणक, रुंद वाळू मिळते. अष्टमीला भरतीच सकाळी सहाला येते, मग पहिले दोन-तीन तास वरच्या भुसभुशीत वाळूत पाय ओढत जातात.

कर्लीकाठी उलट आहे. पाहण्याच्या जागा मोजक्या. वालावलचं लक्ष्मीनारायण मंदिर आणि त्याला लागून असलेला तलाव, नेरूरचा कलेश्वर, आणि शेवटी कुडाळची घोडेबाव ही विहीर, जिच्या पाण्यापर्यंत घोडे उतरू शकत. बदामीच्या चालुक्यांचे ताम्रपट ज्या नेरूरला सापडले ते हेच, पण ताम्रपट काही तिथे बघायला मिळत नाहीत. नदीही सतत शेजारी नसते. दर थोड्या अंतरावर एखादा व्हाळ (ओढा) नदीला मिळतो. साकव (छोटा पूल) असला तर ठीक, नाहीतर वर रस्त्यापर्यंत येऊन वळसा. भरतीचं पाणी आतपर्यंत चढतं, तेव्हा खाजणातली, म्हणजे काठच्या खाऱ्या दलदलीतली, पायवाट बुडते. अशा वेळी चिखलात घुसण्यापेक्षा वाडीतली पाणंद धरावी. एखाद-दोन लहान घाट्या लागतात, तेवढाच चढ.

पण गडग्यांमधून (रचीव दगडी कुंपणांमधून) जाणाऱ्या त्या पाणंदींवर तासभरात चार दुचाक्या भेटल्या तरी खूप. माझा कौल तिथेच फिरला. वाहतूक लागते ती नेरूर ते कुडाळ या मालवण रस्त्याच्या तुकड्यावर, आणि ती शेवटी येते.

म्हणूनच दिशा महत्त्वाची. कुडाळहून निघून वालावलला पोहोचलात तर परतीच्या एसटीच्या वेळेचं ओझं दिवसभर डोक्यावर राहतं, कारण तिथे गाड्या थोड्या. सकाळच्या एसटीने वालावल गाठावं आणि कुडाळकडे चालावं. सकाळचं ऊन तोंडावर येतं, त्याला पुढे कड असलेली टोपी पुरते. दुपारनंतर सूर्य पाठीशी. याची किंमत म्हणजे आदल्या रात्री कुडाळात मुक्काम. कोकणकन्या एक्सप्रेसने सकाळी उतरून लगेच निघता येतं, पण थंड वेळ तोपर्यंत निघून गेलेली असते.

हंगाम भातकापणीनंतरचा, नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी. तरीही नदीलगतच्या मळ्यांत वायंगणी (उन्हाळी) भात असेल तर पाणी भरलेलं असतं. मेरेवरूनच (बांधावरूनच) चालावं आणि मेर ओली दिसली तर तीही टाळावी, कारण पायाच्या वजनाने ती खचते आणि शेतकऱ्याचं पाणी वाहून जातं. कुंपणाचा बेडा (फाटक) उघडला तर मागे लावून घ्यावा.

अलिबागकडे खाणावळी जागोजागी आहेत, पाण्याची एक बाटली पुरते. कर्लीकाठी माणशी अडीच-तीन लिटर पाणी आणि दुपारचं खाणं बरोबरच हवं. पायात दोन्हीकडे जाड ट्रेकिंग बुटांऐवजी धावण्याचे हलके बूट बरे. सपाटीवर पाऊल तासन् तास एकाच ठिकाणी घासतं, म्हणून टाच गरम लागू लागली की लगेच थांबून मायक्रोपोर पट्टी लावावी, फोड आल्यावर नव्हे. वेग ताशी ३ किलोमीटर धरावा.

हाताशी एकच दिवस असेल आणि तो मंगळवार-बुधवार असेल, तर अलिबाग-रेवदंड्याला नाव ठेवण्यासारखं फारसं काही नाही. इतिहासासाठी चालणाऱ्याने कदाचित तीच वाट घ्यावी. मात्र सुट्टी शनिवार-रविवारचीच असेल, तर शुक्रवारी रात्री कुडाळात उतरा आणि वालावलच्या पहिल्या एसटीची वेळ त्याच रात्री स्टँडवर विचारून ठेवा.