कार्ब्युरेटर उघडण्याआधी व्हॅक्यूम गेज: मारुती 800 वरचा अनुभव

माझी मारुती 800 1998 ची, कार्ब्युरेटरवाली. असली गाडी मिसिंग करायला लागली की गॅरेजमध्ये पहिला सल्ला ठरलेला: कार्ब्युरेटर ओव्हरहॉल करा. पावसाळ्याच्या तोंडावर नाना पेठेतून साधा व्हॅक्यूम गेज, म्हणजे इंजिन आत किती जोराने ओढतंय ते काट्यावर दाखवणारं मीटर, आणला, आणि तेव्हापासून जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्रांचे तुकडे) काढायची वेळच आली नाही. त्यानंतर दोनदा गाडी बिघडली, दोन्ही वेळा दोष भलतीकडेच निघाला.

गेजची नळी इंटेक मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटरमधून सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळकांड्याच्या) व्हॅक्यूमला टी-जॉइंटने जोडायची. डिस्ट्रिब्युटरच्या अ‍ॅडव्हान्सची (ठिणगीची वेळ पुढे सरकवणारी) नळी थ्रॉटलच्या, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या, वरच्या बाजूने निघत असेल तर तिथे आयडलिंगला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) काटा शून्यावरच राहतो, आणि माणूस उगाच हबकतो. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन साधारण 17 ते 21 इंच (पाऱ्याचे) दाखवतं. दर हजार फुटांना अंदाजे एक इंच कमी धरा. पुणे सुमारे 560 मीटर उंचीवर, त्यामुळे इथे 16-17 वर काटा स्थिर असेल तर निर्धास्त राहा. अलिबागला नेली तेव्हा हीच गाडी जवळपास दोन इंच जास्त दाखवत होती.

पहिला दोष: गाडी गरम झाली की सिग्नलला थरथरायची, पण चोक जरासा ओढला की शांत. काटा 13 च्या आसपास, पण स्थिर. चोकने सुधारते याचा अर्थ मिक्स्चर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) लीन, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त; कुठून तरी जादा हवा ओढली जातेय. एकेक रबरी नळी पक्कडीने हलकेच दाबून पाहिली, काटा ढिम्म. शेवटी कार्ब्युरेटरखालचं गॅस्केट सापडलं: एका कडेने कडक होऊन चिरलेलं. ते बदललं, नट कोपरे आलटूनपालटून आवळले, काटा पुन्हा जागेवर.

दुसऱ्या वेळी काटा ठरावीक लयीत खाली झटके मारत होता. असे झटके एखादा सिलिंडर काम करत नसल्याची खूण. इन्सुलेटेड पक्कडीने एकेक प्लग वायर काढली. चालू सिलिंडरची काढली की काटा पडायचा, तिनांपैकी मधल्याची काढली तर काहीच फरक नाही. रात्री अंधारात बॉनेट उघडलं तेव्हा त्याच वायरवरून इंजिनवर निळी ठिणगी उडताना दिसली. कितीही कार्ब्युरेटर धुतला असता तरी ही गाडी सुधारली नसती!

सध्याच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे हे जास्तच महत्त्वाचं. शुद्ध पेट्रोलला एक भाग इंधनामागे 14.7 भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण 13.5. इंजेक्शनच्या गाड्या ते सेन्सरवरून सावरतात. आपले जेट ठरलेल्या मापाचे, त्यामुळे मिक्स्चर आपसूक लीन होतं. गॅस्केट बदलल्यावर मिक्स्चर स्क्रू काटा सर्वात वर आणि स्थिर येईपर्यंत फिरवला, मग आयडलिंग पुन्हा लावलं. गाडी पटकन रेस घेते, सकाळी चोकही लवकर सोडता येतो.

एक उणीव सांगायलाच हवी. तीनच सिलिंडर असल्याने स्वस्त गेजचा काटा मुळातच थरथरतो, आणि खरा झटका त्यात हरवतो. मी नळीत फिश टँकच्या हवेचा छोटा व्हॉल्व्ह बसवला आणि थरथर जेमतेम थांबेपर्यंतच बंद केला. पार आवळला तर झटकेही दिसत नाहीत. कॉम्प्रेशनची शंका आली तर मात्र कॉम्प्रेशन गेजच लागेल. घेताना टी-जॉइंट आणि दोन-तीन मापांच्या नळ्या सोबत आहेत ना ते बघा, माझ्या डब्यात एकच नळी होती आणि ती मॅनिफोल्डच्या तोटीला सैल बसत होती.