साठ मतं की साधं बहुमत?
अमेरिकी सिनेटमध्ये सरकारी खर्चाला कात्री लावायच्या दोन वाटा आहेत. नेहमीच्या विधेयकावर चर्चा थांबवायलाच १०० पैकी ६० मतं लागतात, म्हणजे विरोधकांशी बोलणं आलंच. वेळ जातो, कधी सरकारी कामकाजही ठप्प होतं. तरी गरिबांच्या औषधपाण्याचा प्रश्न असेल तेव्हा मला हीच वाट बरी वाटते.

दुसरी ‘रिकन्सिलिएशन’ची, म्हणजे जमाखर्चाच्या विधेयकांसाठीच्या खास पद्धतीची, १९७४च्या कायद्यातली. चर्चा २० तास, साधं बहुमत पुरे. पण बर्ड नियम आडवा येतो: जमाखर्चाशी संबंध नसलेली तरतूद हरकत घेतली की गळते, आणि सोशल सिक्युरिटीला, म्हणजे वृद्धांच्या पेन्शनला, हात लावता येत नाही. हरकत बाजूला सारायची तर पुन्हा ६० मतं! ओबामाकेअर, म्हणजे ओबामांच्या काळातला आरोग्यविम्याचा कायदा, मोडण्याचा रिपब्लिकन पक्षाचा २०१७चा प्रयत्न याच वाटेने आला. त्याच पक्षाचे सिनेटर जॉन मॅकेन यांनीही विरोधात मत दिलं आणि तो ४९-५१ असा पडला.